आग्रा रोडवरची दाबलेली हवा

आग्रा रोडवर ज्याला गाड्यांचं काम करायचं आहे, त्याला आधी ट्रकच्या तोंडावरचा आकडा वाचता यावा लागतो. 1210 म्हणजे मालासकट वजन बारा टन आणि ताकद शंभर घोड्यांच्या आसपास. 1613 म्हणजे सोळा टन आणि एकशे तीस. 2515 म्हणजे पंचवीस टन आणि दीडशे. टाटांच्या गाड्यांचे हे आकडे एकाखाली एक मांडले की धुळ्याच्या गॅरेजांचा निम्मा इतिहास समोर येतो. वजन दुपटीने वाढलं, ताकद मात्र दीडपटच झाली. टनामागे आठ घोडे होते, ते सहावर आले. सपाटीला ही तूट कळत नाही. घाटात कळते. ती तूट भरून काढण्यासाठी आमच्या गावात जे काही केलं गेलं, त्याची नोंद कुठल्या पुस्तकात सापडत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

धुळ्यातून तीन मोठे रस्ते फुटतात: मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरचा. पाट्यांवर आता 52, 53, 60 असे नवे क्रमांक आले, पण चहाच्या टपरीवर अजून ‘तीन नंबर’ आणि ‘सहा नंबर’ हेच चालतं. जळगाव-भुसावळचं अंग सोडलं तर कुठल्याही दिशेला निघा, घाट आडवा येतोच. मुंबईकडे निघालात तर गाव सुटताच लळिंग, पुढे चांदवडजवळ राहुड आणि शेवटी कसारा. सुरतेकडे कोंडाईबारी. सोलापूरच्या रस्त्याला चाळीसगावापुढे कन्नडचा घाट, ज्याला जुने लोक औट्रम घाट म्हणतात. खान्देशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमचं ते नाव. आणि उत्तरेला शिरपूर ओलांडलं की पळासनेर, मग सातपुड्यातला बिजासन घाट आणि पलीकडे सेंधवा.

कॅप्टन जॉन ब्रिग्जने 1819 च्या सुमारास नवं धुळे आखून घेतलं आणि इथे खान्देशाचं मुख्य ठाणं केलं. पण रेल्वेची मुख्य लाइन धुळ्याला आली नाही. ती चाळीसगाव-जळगाव-भुसावळ अशी गेली आणि आमच्या वाट्याला 1900 साली चाळीसगावहून एक फाटा आला. त्यामुळे धुळ्याचा व्यापार रस्त्याच्याच जिवावर राहिला. कापूस, शेंगदाणा, तेल, मिरची, सगळं चाकांवर. आणि रस्त्याचा व्यापार म्हटला की घाटाचा प्रश्न आलाच. बैलगाडीच्या काळात चढावर जादा बैलजोडी जुंपायची रीत होती. रेल्वेलाही ते चुकलं नाही. कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग 1865 मध्ये सुरू झाला, त्याचा चढ सदतीसला एक. तिथे मागून ढकलायला बँकर इंजिनं लावावी लागली आणि आजही लावतात. ट्रकला मात्र जादा जोडी जुंपता येत नाही. जी काही वाढ करायची ती त्याच इंजिनाच्या पोटात.

टाटांच्या टेल्कोने 1954 मध्ये डायमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. करार 1969 मध्ये संपला, पण त्या घराण्याचं इंजिन पुढे कितीतरी वर्षं या रस्त्यावर धावलं. 692 नावाचं इंजिन म्हणजे सहा सिलिंडर, 92 मिलिमीटरचा बोअर, पावणेपाच लिटरहून थोडं जास्त. मी आयटीआय करून बाहेर पडलो आणि आग्रा रोडवरच्या एका पंप दुरुस्तीच्या दुकानात उस्तादांच्या हाताखाली लागलो, तेव्हा दुकानात येणाऱ्या दहातल्या आठ गाड्यांत हेच इंजिन असायचं.

डिझेल पंप म्हणजे त्या काळची तिजोरीच. मायकोचा सहा प्लंजरचा लांबट पंप, आणि पुऱ्या लोडला किती डिझेल जायचं ते ठरवणाऱ्या स्क्रूवर शिशाचं सील. मालक सांगायचा, ड्रायव्हरचीही तीच तक्रार असायची, की गाडी घाट चढत नही, दादा. उस्ताद सील तोडायचे आणि पंप टेस्ट-बेंचवर चढवायचे. बेंचवर सहा काचेच्या नळ्या एका रांगेत, प्रत्येक प्लंजरची एक. ठरावीक स्ट्रोक झाले की नळ्यांत डिझेल कुठवर चढलं ते डोळा पातळीवर आणून वाचायचं. सहाही नळ्यांत रेघ सारखी आली पाहिजे. एकीत कमी, एकीत जास्त भरलं, तर इंजिन थरथरतं आणि जास्त डिझेल पिणारा सिलिंडर आधी मरतो. उस्ताद प्रत्येक पंपाची नोंद वहीत करत. गाडीचा नंबर, पंपाचा नंबर, किती फेऱ्यांना किती स्ट्रोक, किती सीसी, आणि शेवटच्या रकान्यात रस्ता: ‘बिजासन’, ‘कन्नड’, ‘सपाट’. सुरतेकडे जाणाऱ्या गाडीचा पंप आणि इंदूरला जाणाऱ्या गाडीचा पंप त्यांच्या हाताखालून सारखा कधीच निघाला नाही.

या वाढीव डिझेलमागे घाई कोणाची होती? सगळ्यांत जास्त केळीची. रावेर-सावद्याची केळी दिल्लीच्या बाजाराला पोचवायची, तर दिवस हातात मोजके. केळी वाट पाहत नाही. पिंपळगाव-लासलगावचा कांदाही उत्तरेला याच रस्त्याने. उशीर झाला की भाव पडलेला, माल पिकलेला आणि भाड्यात कपात. म्हणून पंप वाढवणं ही कुणाची चैन नव्हती, पोटाची गरज होती, आणि असं काम करणाऱ्या माणसांना नुसते खटपटे म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण पंप वाढवण्याला एक भिंत आहे. डिझेल कितीही वाढवा, इंजिन हवा तेवढीच ओढतं. पावणेपाच लिटरच्या पोटात मावेल तेवढीच. हवा पुरली नाही की जादा डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमधून काळा धूर होऊन जातं. लळिंगच्या चढावर भरलेल्या गाड्यांच्या मागे जो काळा पट्टा दिसायचा, तो मालकाच्या खिशातला पैसा होता. कंपनीने बोअर 92 वरून 97 मिलिमीटरवर नेला, स्ट्रोकही वाढवला आणि 697 इंजिन आलं, साडेपाच लिटरच्या वर. थोडी सुटका झाली. पण गाड्यांचं वजन त्याहून वेगाने वाढत होतं. डिझेलचा प्रश्न आता हवेचा प्रश्न झाला होता.

त्या प्रश्नाचं उत्तर जगात फार आधी सापडलं होतं. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने 1905 मध्ये पेटंट घेतलं: सायलेन्सरमधून वाया जाणाऱ्या गरम वायूने एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात हवा कोंबायची. हाच टर्बो. डिझेल इंजिनावर हे नीट जमायला 1925 साल उजाडलं, आणि त्याच इंजिनातून चाळीस टक्के जादा ताकद निघाली. मधल्या काळात 1918 साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन इंजिनिअरने विमानाचं लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या चौदा हजार फुटी डोंगरावर नेलं होतं. खाली साडेतीनशे घोडे देणारं ते इंजिन वर विरळ हवेत दोनशे तीसवर आलं आणि टर्बो जोडल्यावर पुन्हा साडेतीनशेच्या वर गेलं. म्हणजे या यंत्राची पहिली मोठी परीक्षा डोंगरावरच झाली. घाटात आयुष्य घालवलेल्या आमच्यासारख्यांना ही गोष्ट सांगितली की लगेच पटते.

भारतात टर्बो बनवणारी टर्बो एनर्जी ही कंपनी 1982 मध्ये तमिळनाडूत उभी राहिली. टाटा-कमिन्सची भागीदारी 1993 ची. टाटा होल्सेटचा टर्बोचा कारखाना निघाला देवासला, म्हणजे याच आग्रा रोडवर, इंदूरच्या पुढे. बिजासन चढणाऱ्या गाड्यांचा टर्बो बिजासनच्याच पलीकडे बनू लागला. आणि 2000 सालापासून धुराचे नियम एकामागून एक कडक होत गेले, तसा बिनटर्बोचा मोठा ट्रक नव्या गाड्यांतून दिसेनासा झाला.

सुरुवातीला ड्रायव्हर टर्बोला घाबरत. कारण होतं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखभर फेऱ्या घेतो आणि तो कुठल्या बॉल बेअरिंगवर टेकलेला नसतो, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. घाट चढून आलेली तापलेली गाडी ढाब्यावर लावून लगेच बंद केली, की तेलाचा प्रवाह थांबतो, दांडा तसाच तापलेला राहतो आणि तेल तिथेच जळून कोळसा होतो. असे जाम झालेले टर्बो पोत्यांनी येऊ लागले. त्यातून गावात नवा धंदा उभा राहिला: टर्बो उघडायचा, कोअर बदलायचा, दांड्याचा प्ले बोटांनी बघायचा. बंद करण्याआधी दोन मिनिटं गाडी न्यूट्रलला चालू ठेवायची, ही सवय ड्रायव्हरांना कुठल्या शिबिरात लागली नाही. मिस्त्र्यांनी सांगून सांगून लावली.

आता मी मुद्द्याच्या वस्तूवर येतो. दाब तयार करणं टर्बोचं काम, पण दाब किती धरायचा हे ठरवते एक स्प्रिंग. डिझेल ट्रकवर ती वेस्टगेटच्या डब्यात असते. दाब ठरावीक मर्यादेला पोचला की डब्यातला पडदा स्प्रिंगला हरवतो, रॉड पुढे सरकतो आणि गरम वायूला टर्बोच्या चक्राला टाळून जायची वाट मिळते. पंपावर आणखी एक पत्र्याची डबी, तिच्यातही पडदा आणि स्प्रिंग; हवेचा दाब आला तरच ती डिझेल वाढू देते. धुळ्याच्या मिस्त्र्यांना हे समजायला वेळ लागला नाही. वर्षानुवर्षं पंप हाताळलेली माणसं ती. रॉडच्या आट्यांवर नट फिरवला, रॉड आखूड केला, की डब्यातली स्प्रिंग आधीच दबलेली राहते आणि वेस्टगेट उशिरा उघडतं. दाब वाढतो. पंपाची डबी त्याला जुळवून घेतली की डिझेलही वाढतं, आणि या वेळी धूर काळा होत नाही, कारण हवा पोचलेली असते. बिनटर्बोच्या काळात जे जमलं नाही ते इथे जमलं.

ते किती वाढवायचं यावर मात्र उस्तादांचा हात आखडता असायचा. मालक म्हणेल तेवढं ते कधीच करत नसत. दाब जास्त धरला की हेड गॅसकेट सुटतं, पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं, टर्बो मर्यादेबाहेर फिरून चक्राच्या पात्या उडतात. आणि चढायची ताकद वाढली की माल आणखी भरला जातो, तो घाट उतरताना ब्रेकवर येतो. 4 जुलै 2023 रोजी पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसं गेली. त्या गाडीच्या इंजिनात कुणी काही केलं होतं असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की बिजासनचा उतार बघितलेला कुठलाही मिस्त्री ताकद वाढवण्याआधी ब्रेकचे लायनर बघतो, आणि जो बघत नाही त्याच्याकडे गाडी नेऊ नये.

स्प्रिंगचा हाच खेळ पुढे पेट्रोलच्या मोटारींतही आला. पेट्रोलच्या टर्बोला डिझेलला नसलेली एक अडचण असते. डिझेलच्या हवेच्या वाटेत दार नसतं. पेट्रोल गाडीत अॅक्सिलरेटर सोडला की थ्रॉटलचं दार फटकन बंद होतं, पण टर्बो तर फिरतच असतो. कोंबलेली हवा दारावर आदळून मागे फिरते आणि फिरत्या चक्रावर चाल करून जाते. ती सोडायला मधे एक झडप लागते: ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. कंपनीच्या गाडीत ती हवा बाहेर न सोडता टर्बोच्या तोंडाकडे परत फिरवली जाते, कारण आत शिरतानाच सेन्सरने ती मोजलेली असते. बाहेर सोडली तर कॉम्प्युटरचा हिशेब चुकतो आणि पेट्रोल जादा पडतं.

खान्देशात ही झडप आली ती कन्नडचा घाट उतरून. औरंगाबादजवळ शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना 2001 मध्ये सुरू झाला, आणि 2004 साली ऑक्टाव्हियाची आरएस आली: 1.8 लिटर, वीस व्हॉल्व्ह, टर्बो, दीडशे घोडे. कंपनीतूनच टर्बो लावून आलेल्या भारतातल्या सुरुवातीच्या पेट्रोल मोटारींपैकी ती. चार-चौघा शौकिनांनी धुळ्या-जळगावात घेतली. साधारण अर्धा बार दाबावर चालणाऱ्या त्या इंजिनाचा कॉम्प्युटर पुण्याला जाऊन बदलून आणला की दाब एका बारच्या जवळ जायचा. गाडी काही महिने उडायची आणि मग तक्रार यायची: तिसऱ्या गिअरमध्ये दाबाचा काटा चढतो आणि धरत नाही, घसरतो.

ती झडप मुठीत मावेल एवढी, काळ्या प्लास्टिकची. डोक्यावर एक बारीक निपल, तिथे इंजिनच्या मॅनिफोल्डकडून येणारी रबरी नळी. ती काढून हातात घ्यायची, आतली झडप बोटाने वर दाबायची, निपलवर अंगठा घट्ट ठेवायचा आणि बोट सोडायचं. पडदा धड असेल तर झडप वरच अडकून राहते, अंगठा काढल्यावरच खाली येते. हळूहळू सरकत खाली आली तर पडद्याला चीर आहे. धुळ्याच्या मे महिन्यात बॉनेटखाली जी भट्टी पेटते, त्यात टर्बोकडून येणारी तेलाची वाफ. त्यापुढे रबराचं काय चालणार? मालक म्हणायचे, स्प्रिंग कडक करून द्या. मी आधी अंगठ्याची ही परीक्षा करायचो. बहुतेकांना कडक स्प्रिंग नकोच होती, नवी झडप हवी होती.

पडदा धड असूनही दाब गळत असेल, तर गणित वेगळं. गाडी जोरात असताना झडपेच्या खाली टर्बोकडचा दाब असतो आणि वर मॅनिफोल्डचा. इंटरकूलर आणि पाइप पार करताना दाब थोडा उतरतो, म्हणून वरचा नेहमी खालच्यापेक्षा कमी. हा फरक स्प्रिंगने झेलायचा. दाब दुप्पट केला की फरकही वाढतो आणि कंपनीची स्प्रिंग अपुरी पडते. अमेरिकेत मित्सुबिशी एक्लिप्सच्या धातूच्या झडपेवर पोरांनी सोपी युक्ती काढली होती: झडपेचं डोकं व्हाइसमध्ये दाबून चेपायचं, म्हणजे आतली स्प्रिंग आधीच दबलेली राहते. प्लास्टिकच्या झडपेला तो मार खपत नाही. तिथे धातूच्या पिस्टनची, वरून कसता येणारी झडप बसवायची, आणि कसताना एकच गोष्ट बघायची: थ्रॉटल बंद झाल्यावर मॅनिफोल्डच्या ओढीने ती अजून उघडते ना? हातपंपाने ओढ देऊन डोळ्यांनी बघायचं. उघडली नाही तर अॅक्सिलरेटर सोडल्यावर फडफड ऐकू येते. कित्येकांना तो आवाज आवडतो. त्या प्रत्येक फडफडीला चक्र हवेचा उलटा तडाखा खात असतं आणि टर्बोच्या थ्रस्ट बेअरिंगचं आयुष्य कमी होत असतं. ही फडफड मागायला आलेल्याचं काम मी घेतलं नाही.

दाब धरायचा की सोडायचा, हा झगडा मोठ्या मैदानातही झाला. फॉर्म्युला वनमध्ये 1987 साली सगळ्या टर्बो गाड्यांवर सक्तीची झडप बसवली गेली, चार बारच्या वर गेलं की हवा सोडून देणारी. पुढच्या वर्षी मर्यादा अडीच बारवर आणली आणि 1989 मध्ये टर्बोच बंद केला.

आमच्याकडे हे काम कायद्याने नाही, यंत्राने थांबवलं. कायदा तर होताच: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केलं. पण खरा बदल 1 एप्रिल 2020 ला बीएस-सिक्सचे धुराचे नियम आल्यावर झाला. आता दाब धरणारा रॉड आणि झडपा कॉम्प्युटर हलवतो. फिरवायला नट नाही, तोडायला सील नाही. काचेच्या नळ्यांचे बेंच भंगारात गेले. जुने पंप मिस्त्री एक तर घरी बसले किंवा लॅपटॉप शिकलेल्या मुलांच्या दुकानात सल्ला द्यायला बसतात. धूर कमी झाला याचा मला आनंद आहे; लळिंगच्या चढावरचा तो काळा पट्टा पुन्हा यावा असं कुणालाही वाटू नये. पण त्या हातांना जे कळत होतं ते लिहून ठेवलं गेलेलं नाही, याची मला काळजी आहे.

उस्तादांच्या वह्या माझ्याकडे आहेत. कुठल्या साली कुठल्या घाटाला गाडीला किती डिझेल लागत होतं, कुठल्या वर्षी ‘टर्बो’ हा शब्द पहिल्यांदा रकान्यात आला, केळीच्या हंगामात काम कसं वाढायचं, हे सगळं त्यांत आहे. खान्देशच्या वाहतुकीचा असा हिशेब सरकारी दप्तरात मिळायचा नाही. गावोगाव फिरून दप्तरं गोळा करणारे इतिहासाचार्य राजवाडे 1926 साली याच धुळ्यात वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही गावात उभं आहे. तिथे बखरी आणि पोथ्या जपल्या जातात, तिथे या वह्यांनाही एक कपाट मिळावं अशी माझी विनंती आहे. आणि आग्रा रोड, पारोळा रोड, साक्री रोडवर ज्यांच्या घरी बापाच्या किंवा आजोबांच्या अशा तेलकट वह्या पडून असतील, त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत. पानं चिकटली असली तरी चालेल, पण आकडे वाचता येत असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा.